पायथा दिसेपर्यंत

फार जुनी गोष्ट. तेव्हा फोटो काचेवर उमटायचा आणि कॅमेरा ट्रंकेएवढा असायचा. असा कॅमेरा डोक्यावर घेऊन अनाजी फोटोवाला घाटमाथ्यावरच्या उंबरठाण्यात आला.

गावासमोर, दरीपलीकडे, जोगणीचा सुळका उभा होता. लग्न होऊन आलेली सून आधी त्याच्या पायथ्याकडे बघून हात जोडी, मगच चूल पेटवी. पण सुळक्याला उभी भेग पडली होती. धोंडे सुटत होते. यंदाचा पावसाळा काही तो काढत नाही, असं सगळे म्हणत.

"ही जोगीण पडली तर आमच्या सुनांनी हात कुणाला जोडायचे?" ठकूआजीनं विचारलं.

"पडायच्या आधी काचेवर उतरवतो, आजी."

सुळक्यासमोरचा कडा चढताना काचा फुटल्या, एकच वाचली. अनाजीनं कॅमेरा रोवला आणि दरीत धुकं भरलं, ते हटेचना. असं म्हणतात, की त्याच्या टोपीवर शेवाळ धरलं आणि वेलींनी त्याला कॅमेऱ्यासकट विळखा घातला. ठकूआजी भाकरी आणून देई, तेवढीच काय ती सोबत.

तुळोजी पाटील जाता-येता डिवचत. "काय अनाजी, जोगीण अजून नटतीय?"

"नटू द्या पाटील. वरातीला तुम्ही काय कमी वेळ लावला असंल?"

एका सकाळी धुकं फाटलं. शेंडा उन्हात झळाळला. गाव धावत आलं. "काढ, काढ!" तेवढ्यात एक धोंडा सुटला आणि दरी घुमली. अनाजीचा हात कॅमेऱ्याच्या झाकणावर गेला आणि मागे आला.

"पाय झाकलेत," तो म्हणाला. "सुना पाया पडतात, शेंड्याला नव्हं."

धुकं पुन्हा मिटलं.

"हट्टापायी जोगीण घालवलीस आमची," म्हणत पाटील वळले, मागोमाग गाव. त्या दिवशी भाकरीही आली नाही.

अनाजी हलला नाही. पाऊस कोसळला, तेव्हा त्यानं आपली घोंगडी कॅमेऱ्यावर घातली आणि स्वतः उघडा भिजत राहिला.

असं म्हणतात, की शेवटी धुकंच कंटाळलं. एका पहाटे ते आपणहून उठून गेलं. सुळका पायथ्यापर्यंत, तिथल्या गवतापर्यंत, लख्ख दिसला. अनाजीनं झाकण काढलं, श्वास रोखला आणि झाकण लावलं. मग डोंगर कण्हला. थकलेली म्हातारी खाली बसावी, तसा सुळका हळूच बसला. धुरळा विरल्यावर गावाला दिसलं, अनाजी कॅमेऱ्याला मिठी मारून उभा होता.

पुढे तो कुठे गेला, कुणाला ठाऊक नाही. फोटो देवळाच्या खिडकीत आहे आणि खिडकीपलीकडे रिकामं आभाळ. आजही नवी सून आधी तिथे जाऊन बसते. तिला वाटेल तेवढा वेळ बसते. चूल थांबते, भुकेलं घर थांबतं, सासूसुद्धा हाक मारत नाही. त्याला उंबरठाण्यात अनाजीचा वेळ म्हणतात. तो संपला, हे फक्त सुनेनं सांगायचं.