रोगी नमुन्यांची काळजी

मेंदूच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत एकदा एक वृद्ध विदुषी होत्या. सारे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य काम करी. तो बुद्धिमान होता, कष्टाळू होता आणि बुद्धिमान माणसं बहुधा असतात तसा थोडा उतावळाही होता.

उतावळेपणाला कारण होतं. त्याचे वडील तालुक्याच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवत. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवात झाला आणि ते काम सुटलं. या रोगाचं मूळ आपणच शोधायचं, असा शिष्याचा निश्चय होता.

प्राणवायूवाचून पेशी जगत नाही. पण त्याच प्राणवायूपासून पेशीत काही दाहक कणही निर्माण होतात, आणि ते आवरले गेले नाहीत तर पेशी आतून झिजते. चिरलेलं वांगं उघड्यावर काळं पडतं, त्यातलाच हा प्रकार. कंपवाताचं मूळ याच झिजेत असावं असं धरून शिष्य निरोगी आणि रोगी उंदरांच्या मेंदूंचे नमुने घेऊन ती मोजत होता. आठ महिन्यांनी उत्तर आलं: रोगी मेंदूत झीज तिप्पट. एवढा फरक संस्थेत कुणी पाहिला नव्हता. त्याने शोधनिबंध लिहिला आणि घरी फोन करून मूळ सापडल्याचंही सांगून टाकलं. वडील त्या दिवशी दोन घास जास्त जेवले, असं आईने कळवलं.

निबंध घेऊन तो बाईंच्या सहीसाठी गेला. बाईंनी तक्ता तेवढा पाहिला, सही केली नाही. आणखी सहा नमुने माझ्यासमोर मोज, म्हणाल्या. बर्फात सहा कुप्या ठेवलेल्या होत्या. तीन कुप्यांवर 'निरोगी' अशी चिठ्ठी होती, उरलेल्या तिनांवर 'रोगी'. आठ महिने राबल्यावर पुन्हा ही परीक्षा कशाला, असं त्याला वाटलं, पण बाईंना नाही म्हणायची रीत नव्हती.

त्याने निरोगी नमुने नेहमीप्रमाणे झटपट आटोपले. मग रोगी नमुने घेतले. प्रत्येक कुपी उघडून उजेडात निरखली, वहीत टिपण केलं, चिठ्ठी पुन्हा वाचली, नमुना दोनदा धुतला. बाई स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. शेवटी यंत्राने आकडे दिले.

"बाई, पुन्हा तिप्पट," तो अभिमानाने म्हणाला.

"सहाही नमुने निरोगी आहेत," बाई म्हणाल्या. "चिठ्ठ्या मी चिकटवल्या."

शिष्याला राग आला, आणि त्याने तो लपवला नाही. "तुम्ही मला फसवलंत, बाई."

"मी एकदाच फसवलं. तू स्वतःला आठ महिने फसवत आलास, आणि तेही मायेने. निरोगी नमुना तू तीन मिनिटांत उरकतोस. रोगी नमुना हाती आला की तुला तुझे वडील दिसतात, आणि मग बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कुपी उघडी राहते. हवा काही चिठ्ठी वाचत नाही. ज्याची तू जास्त काळजी घेतलीस त्यालाच जास्त हवा लागली, आणि ती झीज तू रोगाच्या माथी मारलीस."

हे आधी का नाही सांगितलंत, असं त्याने विचारलं. सांगितलं असतं तर तू मान हलवली असतीस, तुला पटलं नसतं, असं बाई म्हणाल्या.

त्याने सगळं काम पहिल्यापासून केलं. या वेळी कुप्यांवर फक्त क्रमांक होते, कोणता क्रमांक निरोगी आणि कोणता रोगी याची यादी बाईंच्या कपाटात होती आणि प्रत्येक नमुन्याला घड्याळ लावून सारखाच वेळ दिला जाई. चार महिन्यांनी यादी उघडली. रोगी मेंदूत झीज जास्त होती, पण तिप्पट नव्हती. जेमतेम सव्वापट होती. शिष्याचा चेहरा उतरला. बाईंनी मात्र न मागता सही केली.

"हा फरक लहान आहे, पण तो रोगाचा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीचा आपल्या हातांचा होता."

"घरी काय सांगू?"

"आहे तेवढं सांग. आजारी माणसाला थोडं चालतं, खोटं चालत नाही."

त्या संध्याकाळी त्याने वडिलांना सांगितलं की मूळ सापडलेलं नाही. एक लहानसा धागा हाती आला आहे, आणि मागच्या वेळी आपलं चुकलं होतं. मग वडील म्हणाले, "माझ्या हयातीत नाही झालं तरी चालेल. माझ्यासाठी घाई करू नकोस."