बकरीच्या गळ्यातली घंटा

“मग सांगा ना बाबा, हिला जाऊ देऊ की नको?”

सबनीस मास्तरांनी पुन्हा विचारलं. नूरशा फकीर धुनीत लाकूड सारत राहिला.

नदीकाठी दाट धुकं होतं. धुनी, चिंचेचा बुंधा, फकिराची बकरी, एवढंच दिसत होतं. नदी नुसती ऐकू येत होती.

मास्तरांच्या मागे कुंदा उभी होती. जन्मापासून आंधळी. मास्तरांच्याच अंधशाळेत वाढली. आता शाळा संपली होती. तालुक्याच्या दवाखान्यात टेलिफोनवर काम मिळालं होतं. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहीन म्हणत होती. गाडी दुपारची होती.

“माझ्या शाळेतलं एक मूल आजवर ठेचकाळलेलं नाही,” मास्तर म्हणाले. “मी पुढे चालतो. माझ्या काठीला घंटा आहे. मुलं घंटेमागे येतात. तिथे हिच्यापुढे घंटा कोण वाजवणार?”

“बघू.”

फकिराने काठीची घंटा सोडली. आवाज होऊ नये म्हणून लोलक बोटांत धरून ती बकरीच्या गळ्यात बांधली.

“पोरी, ही कळशी घे. नदीचं पाणी आण.”

बकरी निघाली. घंटा वाजली. कुंदा घंटेमागे धुक्यात गेली.

घंटा टेकाडावर चढू लागली. तिकडे बोरीची जाळी होती.

“अहो, ती भलतीकडे...”

फकिराने मास्तरांच्या तोंडावर हात ठेवला.

वरून कुंदाचा आवाज आला. “गुरुजी, नदी टेकाडावर कधीपासून राहायला गेली?”

फकिराचा हात मास्तरांच्या तोंडावरून हलला नाही.

“आणि तुम्हाला बकरीचा वास कसा येतोय?”

मग हसू. एकटीचंच. बराच वेळ.

मग काहीच नाही...

धुकं हललं नाही. मास्तर डोळे फाडून बघत होते. त्यांना धुनीपलीकडचं काही दिसत नव्हतं. कुठेतरी दगड घरंगळला. कुठेतरी पाणी डचमळलं.

धुक्यातून आधी कळशी आली, मग कुंदा. गुडघ्यापर्यंत ओली. मनगटावर काट्याचा ओरखडा. अर्धं पाणी सांडलेलं.

“कशी गेलीस?” फकिराने विचारलं.

“उताराने. खाली पाणी बोलत होतं.”

“आणि आलीस कशी?”

“तुमचा धूर हुंगत. ओलं लाकूड जाळता बाबा तुम्ही.”

फकिराने ओंजळ धरली. तिने पाणी ओतलं. तो प्याला.

मास्तर तिच्या मनगटाकडे बघत राहिले. मग उठले. रिकामी काठी हातात फिरवली.

“गाडी दुपारची आहे... चल कुंदा, सामान बांधू.”

दोन पावलं गेले आणि थांबले.

“बाबा, माझी घंटा तेवढी...”

टेकाडावर घंटा वाजत होती. लांब, झोपेत ऐकावी तशी.

“बकरीलाच राहू दे,” फकीर म्हणाला. “तिला संध्याकाळी परत यायचं असतं.”