सिरीचं पान

गावात पाऊल टाकताच दारोदारचे रोगी आपल्यापुढे येतील, असं धम्मसिरीला वाटलं होतं. प्रत्यक्षात गावात एकही रोगी दिसेना.

फार वर्षांपूर्वीची, घाटातल्या लेण्यांमध्ये भिक्खू-भिक्खुणी राहत तेव्हाची ही गोष्ट. धम्मसिरी घाटाखालच्या गावची लेक. लहानपणीच भिक्खुणी झाली, उत्तरेकडच्या मोठ्या विहारात वैद्यकी शिकली आणि गावात तापाची साथ आल्याचं कळताच औषधांची झोळी घेऊन पायी परत निघाली. तिच्या पायाखाली वाट आपोआप आखूड होत गेली, असं म्हणतात.

रोगी होते, पण वेशीबाहेरच्या गोठ्यात. भीतीपोटी गावाने त्यांना तिथे नेऊन ठेवलं होतं. दाराशी पाण्याचं मडकं टेकवून माणसं मागे पळत. म्हातारा कान्हक तिला म्हणाला, "दूरदेशी शिकून आलीस, आर्ये. तिकडची माणसं मरणाला भीत नाहीत का?"

ती एकटी आत शिरली. गुळवेलीचा काढा देऊ लागली. पण उपाशी पोटी काढा टिकेना. एकाला पुसून घ्यावं तोवर दुसरा पाणी मागे. इकडे सकाळी भिक्षेला निघाली की गावात तिचं पात्र शिगोशीग भरे. सामा नावाची बाई तर तूपभात वाढून पाया पडे. तिची लेक रेवा गोठ्यात होती, आणि दानाचं पुण्य लेकीला लागेल, अशी तिची आशा होती. धम्मसिरी तो भात रोग्यांना नेई, पण एका पात्रात जेवणार किती?

एका संध्याकाळी रेवाने काढ्याची वाटी बाजूला सारली.

"आई येते का गं इकडे?"

धम्मसिरीला खोटं बोलवेना. नाही म्हणाली. रेवाने भिंतीकडे तोंड केलं, मग पाणीसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मसिरी भिक्षेला गेली नाही. रिकामं पात्र पुढ्यात घेऊन गोठ्याच्या दारात बसली. यापुढे दान इथेच घेईन, असा निरोप तिने गावात पाठवला. मध्यान्ह टळली की भिक्खुणीला जेवता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती उपाशी राहिली तर दोष गावाला. सूर्य डोक्यावर आला आणि तिथेच थांबून राहिला, असं म्हणतात.

शेवटी सामा आली. तिने तूपभात पुढे केला. धम्मसिरीने पात्रावर हात आडवा धरला.

"मला नको. आत जा, लेकीला भरव. माझं दान मला पोचलं."

सामा आत गेली. रेवाने तिच्या हातून घास घेतला. मग एकेक करून गाव आलं, तेव्हा कुठे सूर्य कलला. त्यानंतर त्या गोठ्यातून एकही तिरडी निघाली नाही, असं म्हणतात.

आजही त्या गावात लग्न असो की बारसं, पहिलं पान आजाऱ्याच्या घरी जातं. त्याला सिरीचं पान म्हणतात. ते नुसतं ठेवून यायचं नसतं, समोर बसून भरवायचं असतं. नेणारा रिकामं पान घेऊन परत येईपर्यंत पंगतीत कुणी घास उचलत नाही, नवरदेवसुद्धा नाही.