आईचा चहा निवेपर्यंत

दक्षिण चीनच्या डोंगरांत लिउतांग नावाचे गाव आहे. तिथल्या लग्नात वराची गाडी वधूच्या दारात इंजिन बंद करून उभी असते. फटाक्यांच्या लाल माळा अंगणात अंथरलेल्या असतात, पण कोणी त्या पेटवत नाही. नवख्या पाहुण्यांना वाटते, काहीतरी बिनसले आहे. आम्हालाही तसेच वाटले. तेव्हा वधूच्या चुलत आजोबांनी आम्हाला बाकावर बसवून कारण सांगितले. माझ्या आईसोबत काम करणारी मेइमावशी, जिच्या भाचीचे हे लग्न होते, ती त्यांचे बोलणे आम्हाला समजावून देत होती.

फार पूर्वी या गावात श्युलान नावाची मुलगी होती म्हणे. तिचे लग्न ठरले आणि पुरात वडील व दोन्ही भाऊ गेले. तीन वर्षांनी वरात आली. घरात आई तेवढी उरली होती. ती स्वयंपाक करी, टोपल्या विणी, कोणी विचारले तर उत्तरही देई. पण पुराच्या दिवसापासून ती रडली नव्हती.

पाठवणीआधी आईने लेकीसाठी रडगाणे म्हणायचे, अशी तेव्हा रीत होती. कोरड्या डोळ्यांनी पाठवलेली मुलगी सासरी टिकत नाही, असे मानत.

लग्न जुळवणारी बाई आईच्या कानाशी लागली. "अहो, दोन टिपं तरी काढा. कांदा आणू का चिरायला?"

बायका हसल्या. त्यांचे पाहून आईही हसली, असे सांगतात.

"मग डोली उचलायची नाही," बाईने बजावले.

श्युलानने गुडघे टेकून आईला निरोपाचा चहा दिला. घाईत तो उकळताच ओतला होता आणि पेल्याला कान नव्हता. आईने पेला दोन्ही तळव्यांत धरला आणि तशीच बसून राहिली. तळवे लाल झाले, तरी तिला कळले नाही. श्युलानने पेला काढून घेतला आणि त्यावर फुंकर घालू लागली.

"मुहूर्त टळतोय, पोरी," लग्न जुळवणारी बाई म्हणाली.

"आईचा चहा गरम आहे," ती म्हणाली आणि फुंकत राहिली.

वराचे वडील दारातून पाहत होते. त्यांना ते तळवे दिसले. "डोली खाली ठेवा रे," ते भोयांना म्हणाले. मग बाईकडे वळले. "रडण्याचं राहू द्या आता. चहा निवला की निघू."

मुहूर्त टळला. "भोयांनी तेवढ्यात भात खाऊन घेतला," आजोबा म्हणाले. श्युलान मात्र त्याच सासरी नांदली आणि तिथेच म्हातारी झाली.

आजही लिउतांगमध्ये कोणी रडगाणे म्हणत नाही. वधू आईचा चहा फुंकून देते. तो संपेपर्यंत पाहुण्यांनी बोलायचे नाही आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही. आम्ही खाली फरशीकडे पाहत बसलो. बराच वेळ लागला. मग रिकामा पेला ठेवल्याचा आवाज आला आणि बाहेर गाडी सुरू झाली.