यानाच्या कुशीतला गोळा

अवकाशयानं नुकतीच ग्रहांच्या वाटेला लागली होती, त्या काळची गोष्ट. एका यानावर ग्रहाभोवतीचं विद्युतक्षेत्र मोजणारा धातूचा गोळा होता. उन्हाने यानाच्या अंगावरही वीज साचते, म्हणून मोजताना लांब दांडीच्या टोकाला जाऊन बसायचं, असं कारागिरांनी त्याला बजावलं होतं. ग्रहाजवळून एकदाच जायचं होतं.

ग्रह आला तेव्हा यान म्हणालं, "तिकडे थंडीत कशाला कुडकुडतोस? बस इथेच, माझ्या कुशीत."

गोळा बसला. आकडा एवढा मोठा आला की दोघेही हरखून गेले.

ग्रह मागे पडला. चहूकडे रिकामं आकाश, तरी आकडा तेवढाच.

गोळा कसनुसा झाला. "यानदादा, ग्रह मोजायचा राहूनच गेला. मी तुम्हालाच मोजत होतो."

"असू दे," यान म्हणालं. "आकडा तर मोठा आला ना!"