कळकलेलं ताक आणि हैबतरावांची वेबसाइट

हैबतरावांच्या वेबसाइटवर काळं कुत्रंही फिरकेना!

नेवरगावात तांब्यापितळेच्या भांड्यांचं सर्वांत मोठं दुकान त्यांचं. वेबसाइटही तशीच दणदणीत. पहिल्या पानावर फेटा बांधून, तलवार उपसून हैबतराव उभे आणि खाली त्यांनीच रचलेली सतरा ओळींची आत्मस्तुती. पातेलं शोधत आलेल्या माणसाला आधी हैबतराव ओलांडावे लागत.

मग शहरातून निमिषराव नावाचे तज्ज्ञ आले. त्यांनी त्या सतरा ओळींत ‘सर्वोत्तम धातुपात्रे’ हे शब्द बहात्तर वेळा पेरले. दुकानातल्या चाळीस नोकरांना हुकूम सुटला: सकाळी उदबत्ती लावण्याआधी प्रत्येकाने वेबसाइटला अकरा प्रदक्षिणा घालायच्या. उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. महिनाअखेरीला निमिषरावांनी चढता आलेख पुढे ठेवला. रोजचे चारशे चाळीस पाहुणे! हैबतरावांनी पेढे वाटले. हे पाहुणे आपल्याच पगारावर आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. गूगलवर स्वतःचं नाव टाकलं की स्वतःच पहिले दिसत, तेवढ्यावर स्वारी खूश.

गिऱ्हाईक मात्र एकही वाढेना. तेव्हा तज्ज्ञांना कुठेतरी दोष काढणं भाग होतं. तो त्यांना अंगणात सापडला. तिथे मकबूलचाचांची कल्हईची भट्टी होती. तीस वर्षं ते त्या कोपऱ्यात बसून, आंबट पदार्थ पितळेला लागून कळकू नयेत म्हणून, भांड्यांना आतून कथलाचा पातळ मुलामा देत आले होते. निमिषराव म्हणाले, वेबसाइटवरच्या फोटोत धूर दिसतो, म्हणून लोक पळतात. भट्टी हलवा, तिथे कारंजं बसवा. हैबतरावांनी लगेच मान डोलावली.

चाचांची मुलगी सायरा त्याच दुकानात फोन घेण्याचं काम करी. साठीच्या अब्बांनी आता भाता उचलून जायचं कुठे? ती उठली आणि सरळ हैबतरावांच्या गादीपुढे जाऊन उभी राहिली.

“मालक, पळायला आधी यावं लागतं. कोणी आलंय कुठे?”

हैबतरावांच्या मिशा थरथरल्या.

“फार शहाणी ना तू? मग तूच आण. धनत्रयोदशीपर्यंत गूगलवर शोधून आलेला अनोळखी माणूस माझ्या दारात दिसला पाहिजे. पैसा मिळणार नाही आणि पहिल्या पानाचं एक अक्षर हलणार नाही. नाही जमलं, तर भट्टी उचलायची.”

गणपती नुकतेच गेले होते. हातात दोन महिनेही नव्हते. सायराने फक्त नवीन पानं जोडायची परवानगी मागितली. निमिषरावांनी हसत हसत पासवर्ड दिला. या पोरीच्या हातून काही होणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

अनोळखी माणसं काय विचारतात, हे निमिषरावांना ठाऊक नव्हतं; दिवसभर फोन कानाला लावून बसणाऱ्या सायराला होतं. ‘धातुपात्र’ हवंय म्हणून आजवर एकाचाही फोन आला नव्हता. लोक विचारत, पितळेत ठेवलेलं ताक कळकलं, आता प्यावं का? आमटी हिरवट झाली, भांडं खोटं आहे का? कल्हई गेली हे ओळखायचं कसं? ती भट्टीपाशी बसे, अब्बांना विचारी आणि एका प्रश्नाला एक पान लिही. तेही लोकांच्याच शब्दांत. आतून चांदीसारखं पांढरं पातेलं आणि तळाशी पिवळं उघडं पडलेलं पातेलं, असे दोन्ही फोटो तिने शेजारी शेजारी लावले. पाणी भरायच्या तांब्याच्या हंड्याला कल्हई लागत नाही, उगाच करून घेऊ नका, हेही अब्बांनी लिहायला लावलं. गिऱ्हाईक परत पाठवणारी जाहिरात आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं निमिषराव सगळ्यांना सांगत सुटले.

पहिल्या आठवड्यात तीन वाचक आले. त्यांतले एक अब्बा होते. पण नवरात्र सरता सरता फोनवरचे लोक ‘तुमचं वाचलं’ म्हणून सुरुवात करू लागले.

धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निमिषरावांनी भर गर्दीत मालकांच्या मोबाइलवर मालकांचंच नाव टाकलं, ते पहिलं आलं आणि त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. सायराने रांगेतून गोणी घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंना पुढे आणलं. कऱ्हाडच्या शिक्षिका, मालनबाई. गोणीत सासूबाईंची पाच पातेली.

आमचं नाव कोणी सांगितलं, असं हैबतरावांनी ऐटीत विचारलं. कोणीच नाही, बाई म्हणाल्या. दसऱ्याला घरी पाहुणे आले आणि ताक कळकलं, म्हणून त्यांनी गूगलला विचारलं होतं. त्यांनी आपल्या मोबाइलवर तोच प्रश्न पुन्हा टाकून दाखवला. पहिलं उत्तर नेवरगावचं! मागे रांगेत आणखी दहाबारा जणांच्या पिशव्यांतून परगावची पातेली डोकावत होती.

हैबतरावांनी ते पान वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

“यात माझं नाव कुठेच नाही! एकदासुद्धा नाही!”

“मालक,” सायरा म्हणाली, “ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे तो शोधत बसत नाही, तो सरळ दुकानात येतो. शोधतो तो, ज्याने तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही. आणि ताक कळकलेल्या घरात त्या वेळी तुमचं नाव निघालंच असतं, तर ते शिव्या घालायला निघालं असतं.”

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. हैबतरावांच्या पोटातून असं हसू फुटलं की फेटा कानावर आला. डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला: मकबूलचाचांच्या भट्टीला दगडी ओटा आणि वर छप्पर बांधून द्या, आणि वेबसाइट आजपासून सायराच्या ताब्यात, पगार दुप्पट.

एवढं बोलून त्यांनी मालनबाईंची गोणी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि ते भट्टीकडे चालू लागले.