खडकासुराची शिक्षा

एका डोंगरातल्या गावात लखमा नावाचा एक सुतार होता. गावात दर वर्षी खडकासुराचे सोंग निघे. राक्षसाचा तो जड लाकडी मुखवटा लखमाच्या घराण्याकडे होता. बापामागून लखमा तो चढवी.

गोष्ट अशी होती. खडकासुर एका झऱ्यावर बसतो. सात गुराखी तहानेने व्याकूळ होऊन तिथे येतात. पाण्याला हात लावताच तो एकेकाला मारतो. सातही जणांची नावे गाण्यात येत. नावे ऐकताना बायका डोळे पुसत, पोरे रडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पिंपळाखाली जमे आणि खडकासुराचा निवाडा होई. सात खुनांची शिक्षा ठरलेली होती. महिनाभर ओढ्यापलीकडच्या झोपडीत राहायचे. कुणी शिवायचे नाही. भाकरी दगडावर ठेवून माघारी फिरायचे. शिक्षा राक्षसाला होती, पण राक्षसाला ना पोट ना पाय, म्हणून ती लखमा भोगी. मुखवटा मात्र देवळातल्या खुंटीवर राही. त्याला रोज धूप मिळे.

अशी एकोणीस वर्षे गेली. लखमाची बायको वारली तेव्हाही तो ओढ्यापलीकडेच होता. चितेचा धूर दिसला, तेव्हा त्याला कळले.

यंदा त्याची मुलगी हौसा लांबच्या गावाहून आली. कडेवर चार महिन्यांची मुलगी. दहा दिवसांनी तिला परत जायचे होते. ती पोचली तेव्हा लखमाचा सोंगाआधीचा उपास सुरू झाला होता. सोंग घेणाऱ्याने तेव्हापासून कुणाला शिवायचे नसते. नातीला त्याने लांबूनच पाहिले.

सोंग झाले. दुसऱ्या दिवशी निवाड्याला सगळे बसले. गोमाजी हा गावातला हुशार माणूस. त्याला लखमाची कणव आली.

तो म्हणाला, "मंडळी, मेलं कोण? गोष्टच आहे ती. गावात सात गुराखी कमी झालेत का? खून नाही तर गुन्हा नाही. लखमादा, तू एवढंच म्हण, की खडकासुरानं कुणाला मारलं नाही. आणि जा घरी."

लोकांनी माना डोलावल्या. मुख्य पंच हिरूनाना लखमाकडे पाहू लागले.

लखमाने वर पाहिले. समोर आदल्या दिवशी रडलेली पोरे बसली होती. त्यांचे डोळे अजून सुजलेले होते.

"मारलं," तो म्हणाला. "खडकासुरानं सातही जणांना मारलं. तहानलेल्या माणसाला पाण्यावर मारलं. हा गुन्हाच."

"अरे येड्या, नात आलीय तुझी," गोमाजी म्हणाला.

"म्हणून तर. उद्या तीही ही गोष्ट ऐकंल. सात माणसं मेली, त्याचं काही नाही, असं तिला कसं सांगू?"

त्याने घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो ओढ्याकडे निघाला. त्याला कुणी अडवले नाही.

हौसा रोज ओढ्याच्या अलीकडच्या काठाला येऊन बसे. ती लेकीला उंच धरी. पलीकडून लखमाला फक्त दुपटे आणि एक चिमुकली मूठ दिसे.

"झोपती का नीट?" तो विचारी.

"झोपती, बाबा."

"तुझ्यासारखी किरकिरी नाही ना?"

"तुमच्यावर गेलीय. बोलतच नाही."

ऊन वर आले की हौसा उठे. ती दिसेनाशी झाली तरी लखमा त्याच वाटेकडे पाहत राही. मग उरलेला दिवस तो झोपडीशेजारच्या झाडांशी बोले.

सहाव्या दिवशी हिरूनाना भाकरी घेऊन आले. एकोणीस वर्षे निवाडा त्यांनीच दिला होता, पण ओढ्यावर ते कधी आले नव्हते. भाकरी दगडावर ठेवून ते माघारी फिरले नाहीत. तिथेच बसले.

"लखमा, त्या सातांना तू मारलंस का रे?"

"मी कशाला मारीन, नाना? खडकासुरानं मारलं."

"मग इथं कोण बसलंय?"

लखमाने झोपडीकडे वळून पाहिले. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्यानेही स्वतःला कधी विचारला नव्हता.

हिरूनाना उठले. देवळात जाऊन त्यांनी मुखवटा खुंटीवरून काढला, ओढ्यापार आणला आणि झोपडीत जमिनीवर ठेवला.

"शिक्षा महिनाभराचीच," ते म्हणाले. "एक दिवस कमी नाही. पण ज्याची त्यानं भोगायची. त्याला धूप नको, दिवा नको."

मग त्यांनी लखमाचा हात धरला. शिक्षेच्या महिन्यात त्याला कुणी शिवल्याची ती पहिलीच वेळ. दोघे म्हातारे एकमेकांना सावरत पाण्यातून अलीकडे आले.

काठावर हौसा होती. तो खाली बसताच तिने मुलगी त्याच्या मांडीवर दिली. लखमाचे हात अवघडले. धरावे कसे, हेच तो विसरला होता. हौसाने त्याचे कोपर थोडे वर केले आणि मुलीचे डोके त्यावर टेकवले.

"असं," ती म्हणाली.

तात्पर्य: गोष्टीतला खूनही खूनच समजावा, नाहीतर गोष्ट ऐकून रडण्याला अर्थ उरत नाही. पण त्याचा दोष गोष्टीतल्या दुष्टालाच द्यावा. ज्याने आपल्यासाठी त्याचे सोंग घेतले, त्या माणसाला एकटे पाडू नये.